वाढवू काय, मास्तर?

लाईनमनने आयुष्यात कधी कोणतीही वस्तू बंद केली नाही. तो वाढवत असे. दिवा वाढवी, पंखा वाढवी, नळ वाढवी; आणि संध्याकाळी काम आटोपले की समोरच्या खोलीतले पाचही संगणक एकामागून एक वाढवी. नवख्या मनुष्याची यात फसगत होई. एकदा विजेच्या मीटरचे वाचन घेण्यास आलेल्या गृहस्थांना त्याने ‘जरासा पंखा वाढवता काय’ म्हणून विनविले. त्यांनी रेग्युलेटर पाचावर नेला. टेबलावरच्या चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. लाईनमन गुडघ्यांवर बसून त्या गोळा करू लागला आणि शांतपणे म्हणाला, “तुमचं नाई चुकलं भाऊ. तुमाले कोनं शिकवलंच नाई.”

त्याला शिकवले होते त्याच्या आईने. नाचणगावला तिचे चहाचे लहानसे दुकान होते. संध्याकाळी फळ्या लावताना मुलाने ‘दुकान बंद करू काय’ असे विचारले की ती हातातली पळी उगारी. “बंद नाई म्हनत. वाढव म्हन.” ही रीत तिने काढलेली नव्हती. फुटलेल्या बांगडीला फुटली न म्हणता वाढली म्हणावे, दिवा विझवला न म्हणता वाढवला म्हणावे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. शेवटाचा शब्द तोंडातून काढू नये, एवढाच त्याचा अर्थ. इतरांनी ही रीत बांगडीपुरती ठेवली आणि पुढे तीही सोडली. लाईनमनने ती विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला लावली.

वास्तविक तो लाईनमन नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमधून तो तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाला. परंतु नोकरीची सुरुवात त्याने खांबावर चढण्यापासून केली होती आणि वसाहतीने तेच नाव कायम केले. पिपरी मेघेत आमच्या दोघांच्या घरांना एकच मधली भिंत आहे. मी मराठीचा शिक्षक. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याची पत्नी पूर्वीच वारली होती. एकुलती मुलगी प्रज्ञा लग्न होऊन परदेशी गेली होती. ती गेल्यावर पुढच्या खोलीतला दिवाण मागे गेला आणि त्या जागी लाकडी फळ्यांचे लांब टेबल आले. कोणाच्या कचेरीतून, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या भंगारातून तो निकामी संगणक आणी आणि चालते करी. ते चालते झाल्यावर त्यांचे काय करायचे, याचा विचार त्याने केलेला नसे.

त्याच्या एकाही संगणकाला झाकण नव्हते. पत्र्याची बाजू काढून तो ती पलंगाखाली सारी. आतल्या तारा, पंखे, धूळ, सर्व उघडे. मी एकदा याविषयी नापसंती दर्शविली. तो म्हणाला, “झाकलेल्या मशीनचं दुखनं कळत नाई जी. मानसाचंही तसंच हाय. पन मानसाले उघडं ठेवता येत नाई.” वैशाखात आमच्याकडे भिंतीला हात लावावासा वाटत नाही. त्या दिवसांत त्याच्या घरातला एकमेव कूलर टेबलाकडे तोंड करून असे आणि तो स्वतः ओला पंचा डोक्यावर घेऊन दाराशी बसलेला असे. माझी पत्नी म्हणे, “अहो, कूलर जरा स्वतःकडं फिरवा ना.” त्याचे उत्तर ठरलेले होते. “मले घाम येते वहिनी. याइले येत नाई.”

तपासण्याची त्याची पद्धत एकच होती. तो आधी ऐकत असे. कोणी बिघाड सांगू लागले की हात वर करून त्याला थांबवी, संगणकाच्या पत्र्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने दोनदा टकटक करी आणि कान लावी. एक्स्चेंजमध्ये लाईनवरची खरखर ऐकून तार कोठे भिजली आहे हे सांगणारी माणसे असत; त्यांपैकी तो होता. माझ्या संगणकातून एकदा करकर येऊ लागली. मी ती पंख्याची असल्याचे जाहीर केले. त्याने टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, “पंखा नाई. पाहुनी हाय.” पत्रा काढल्यावर आतून पाल निघाली. त्याने तिला हाकलू दिले नाही. ती आपण होऊन जाईपर्यंत आम्ही दोघे खुर्च्यांवर बसून राहिलो.

माझ्याकडे संगणक आला तो माझ्या मर्जीविरुद्ध. निवृत्तीनंतर मी आपल्या भागातील बोलीचे शब्द कार्डांवर उतरवून घेत होतो. तळेगावला आमची शेती. लहानपणी गड्यामाणसांच्या तोंडी ऐकलेले पुष्कळ शब्द आता कोणाच्याच तोंडी नाहीत, हे ध्यानात आल्यावर मी हे काम हाती घेतले. कार्डांचे बुटाचे सात खोके भरले. लाईनमनने ते पाहिले. आठव्या दिवशी तो एक उघडा संगणक दोन्ही हातांत लेकरासारखा धरून माझ्या दारात उभा राहिला. “तुमचे शब्द वाळवी खाईन मास्तर. याच्यात टाका.” मी नको म्हणालो. तो आत आला. त्याला नकार ऐकू येत नसे. बाकी सर्व ऐकू येई.

त्या संगणकावरचे इंग्रजी त्याला खुपत होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती प्रणाली फुकटची आणि खुली होती; तिच्यातला शब्द न् शब्द बदलता येत होता. मग रोज चार वाजता तो भिंतीपलीकडून हाक देई आणि एकेक इंग्रजी शब्द घेऊन येई. मी प्रतिशब्द सुचवी. तो ऐकून घेई आणि नाकारी. “तुमची मराठी इस्तरीची हाय मास्तर. घालून बसता येत नाई.” मी ‘विलोपन’ सांगितले, त्याने ‘पुसा’ केले. मी ‘त्रुटी’ सांगितली. त्याने ‘अडलं’ केले. मी ‘पुनरारंभ’ सांगितला. यावर तो बराच वेळ हसला आणि त्याने ‘निजून उठा’ असे लिहिले. संगणक बंद करण्याच्या जागी कोणता शब्द येणार याविषयी चर्चा झालीच नाही. तेथे ‘वाढवा’ आले.

अडचण पुढे निघाली. आवाज मोठा करण्याच्या खुणेपुढेही त्याने ‘वाढवा’ असेच लिहिले होते. मी हरकत घेतली. एकाच यंत्रावर एका शब्दाचे दोन अर्थ, आणि तेही परस्परविरुद्ध, चालणार नाहीत असे मी सांगितले. तो म्हणाला, “मशीनचा गोंधळ होत नाई जी. त्याले आतून नंबर दिला हाय. गोंधळ मानसाचा होते.” मी म्हणालो, “म्हणूनच. संगणक माणूस वापरतो.” वादात माझा जय होण्याचा हा एकमेव प्रसंग. दुसऱ्या दिवशी त्याने आवाजापुढे ‘चढवा’ घातले. “आता पक्कं,” तो म्हणाला. “जास्त करायचं तर चढवा. मिटवायचं तर वाढवा. तुमी सांगतलं, मी मानलं.” आणि तो ते खरोखर मानून चालला. त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात, प्रज्ञाशी फोनवर बोलतानाही, गॅस चढू लागला, पगार चढू लागला, ऊनही चढू लागले. ‘वाढवा’ फक्त एकाच अर्थाने उरला. हा नियम मी करविला, हे येथे नोंदवून ठेवतो.

त्या दिवसांत मी ‘वाढवणे’ या शब्दाचे कार्ड लिहिले. ते माझ्यासमोर आहे. “१. अधिक करणे. २. (अशुभ टाळण्यासाठी) मिटवणे, आवरणे. उदा. दुकान वाढवणे, दिवा वाढवणे.” खाली त्याच्या तिरक्या अक्षरात एक ओळ आहे: “मशीन वाढवणे. पिपरी मेघे.” मी ती खोडली नाही.

मग त्याला आवाजांचे वेड लागले. संगणक सुरू होताना, अडताना, मिटताना जे टुंग‌टुंग वाजते ते त्याला परके वाटे. त्याने जुन्या टेलिफोनचा मुखभाग संगणकाला जोडला, दारे लावून घेतली आणि स्वतःच्या आवाजात पाच-सहा वाक्ये भरली. माझा संगणक सुरू केला की तो ‘आलो, मास्तर’ म्हणे. अडला की ‘काऊन बा, असं काऊन करता?’ म्हणे. दुपारी चारला ‘चार वाजले जी. पाठ सरळ करा’ म्हणे, कारण मी वाकून बसतो अशी त्याची तक्रार होती. आणि मिटवण्याची खूण दाबली की पडद्यावर एक चौकट उघडून तो विचारी, ‘वाढवू काय, मास्तर?’ चौकटीत दोन उत्तरे असत. एक ‘हो’, दुसरे ‘राहू द्या’. ‘हो’ दाबले की तो ‘येतो’ म्हणे आणि पडदा काळा होई. जातो असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. संगणकालाही त्याने म्हणू दिले नाही. माझी पत्नी पहिले काही दिवस त्या खोलीत डोक्यावर पदर घेऊन जाई. “भाऊजी बसल्यासारखे वाटतात,” ती म्हणे. हा पोरकटपणा आहे, असे मी लाईनमनला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, “राहू द्या जी. विचारल्याशिवाय कोनी काई वाढवू नाई.”

एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. दोन वर्षांच्या मेहनतीने टंकित केलेले सर्व शब्द एका सकाळी मी एका चुकीच्या बोटाने पुसून टाकले. आधी विश्वास बसला नाही. मग त्याच्याकडे गेलो. तो दाढी करत होता. साबण तसाच गालावर ठेवून, अनवाणी, तो माझ्या घरात आला. “काई केलं काय त्यानंतर? काई लिहिलं? काई उतरवलं?” मी नाही म्हणालो. त्याने सुस्कारा सोडला. “मंग हाय. हात नका लावू.” त्याने संगणक वाढवला, आतली डिस्क काढून छातीशी धरून घरी नेली आणि तिसऱ्या दिवशी सर्व शब्द परत आणून दिले. मी आभार मानले नाहीत. आमच्यात ती पद्धत नव्हती. त्या वेळी तो जे म्हणाला ते मात्र मी कार्डावर लिहून ठेवले, शब्दकोशात त्याला जागा नसतानाही. “पुसलेलं लगेच जात नाई मास्तर. फक्त त्याचं नाव जाते. ते असते तिथंच. त्याच्यावर दुसरं लिहिलं, तवा जाते.”

त्याच्या फुप्फुसांनी प्रथम दगा दिला तो श्रावणात. तो दवाखान्यात गेला, परत आला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा रुग्णवाहिकेत बसताना त्याने मला टेबलाकडे बोट दाखवून सांगितले, “पाचही वाढवले हाय. तुमचं तेवढं तुमी पाहा.” शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला अतिदक्षता विभागाच्या कडेची खाट मिळाली. प्रज्ञाचे विमान तिसऱ्या दिवशीचे होते. तोवर मी जाऊन बसत असे. नाकातोंडावर मास्क होता आणि एक यंत्र दाबाने हवा आत सोडत होते. पहिल्या दिवशी त्याने बोटाच्या पेराने त्या यंत्रावर दोनदा टकटक केली, ऐकले आणि मास्क सारून परिचारिकेला म्हणाला, “याचा पंखा घासते जी सिस्टर. तेल द्या.” ती हसली. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी लावलेल्या पडद्यावर तोच लक्ष ठेवून असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. ते तरुण होते, सौम्य होते. आपल्या भागातले नव्हते. त्यांनी मला बाजूला न घेता, त्याच्या खाटेशीच, त्याला ऐकू जाईल असे सांगितले की हे यंत्र आता पुरत नाही. यापुढे घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवावे लागेल. त्यातून बाहेर येण्याची आशा थोडी आहे. करायचे की नाही, हे रुग्णाने आणि घरच्यांनी सांगावे. मग त्यांनी त्याला विचारले, “काका, समजलं का? काय करायचं?”

लाईनमनने दोन बोटांनी मास्क बाजूला केला. यंत्राकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

“वाढवा, मास्तर,” तो म्हणाला. आणि मला ऐकू गेले नसावे असे वाटून पुन्हा म्हणाला, “वाढवा जी आता.”

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारले, “काय म्हणतायत?”

मी सांगितले, “वाढवायला सांगताहेत.”

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. डॉक्टरांनी मान डोलावली, यंत्राचा दाब अधिक केला आणि नळीच्या तयारीसाठी निघून गेले. त्यांनी अर्थ घेतला तो कोणीही घेतला असता. लाईनमनने मास्क पुन्हा तोंडावर घेतला. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी बाहेर व्हरांड्यात आलो.

तेथे प्रज्ञाचा फोन आला. डॉक्टर तिच्याशी आधीच बोलले होते. ती म्हणाली, “काका, बाबा बोलले म्हणे. वाढवायला सांगतलं म्हणे.” मी होय म्हणालो. मग तिने विचारले, “काका, नीट आठवून सांगा. चढवा म्हणाले की वाढवा?”

ती त्या घरात वाढलेली मुलगी होती. तिला विचारण्याची अक्कल होती. मला उत्तर देण्यास फार वेळ लागला नाही.

मी म्हणालो, “चढवा.”

तो आणखी अकरा दिवस होता. घशात नळी असल्यामुळे बोलण्याचा प्रश्न नव्हता. तारा ओढू नयेत म्हणून हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. प्रज्ञा आली, तिने अकरापैकी दहा दिवस त्याचा हात धरून काढले. मी रोज चार वाजता जात असे. एके दिवशी बांधलेल्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने त्याने खाटेच्या दांडीवर दोनदा टकटक केली. परिचारिकेने हात सैल केला. तिला वाटले पट्टी रुतते आहे. त्या दिवशी तो पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहत होता. त्या पाहण्याचा अर्थ मी लावणार नाही. एकदा लावला आहे.

त्याचा जलदानविधी झाला. लाईनमनच्या घरात माणसे मावेनात म्हणून काहीजण माझ्या बैठकीत बसली होती. चार वाजले. आतल्या खोलीतून लाईनमन स्वच्छ आवाजात म्हणाला, “चार वाजले जी. पाठ सरळ करा.” बैठकीतले बोलणे थांबले. एक म्हातारी उठून हात जोडून उभी राहिली. मी आत जाऊन दार लोटून घेतले. संगणक वाढवावा म्हणून खूण दाबली. चौकट उघडली आणि त्याने मला विचारले, “वाढवू काय, मास्तर?”

मी ‘राहू द्या’ दाबले.

त्यानंतर तो संगणक सुरूच राहिला. पावसाळा सरला, दिवाळी झाली. रोज संध्याकाळी मी ती खूण दाबीत असे, तो मला विचारीत असे आणि मी ‘राहू द्या’ म्हणत असे. ही कृती निरर्थक आहे हे मला समजत होते. तिच्यामुळे वीज जळते आणि पंख्याची झीज होते, हेही समजत होते. एकदा वादळात तार तुटून वसाहतीची वीज गेली. लाईनमनने जुन्या बॅटऱ्या जोडून मला एक साठवणीची पेटी करून दिली होती. ती संगणकाला वीज देऊ लागली आणि दर मिनिटाला चिवचिवू लागली. मी स्टूल घेऊन तिच्याजवळ बसलो. पत्नी दारातून म्हणाली, “मिटवून का नाही टाकत? आपोआप गेल्यावर काय करणार?” पेटीत वीज संपण्याच्या आत तार जोडली गेली. मी उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते.

शब्दांचे काम थांबले. मी रोज चार वाजता पाठ सरळ करी आणि ‘वाढवणे’चे कार्ड पुढ्यात घेई. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे मी चौतीस वर्षे मुलांना शिकविले. त्या खाटेशी संदर्भाची उणीव नव्हती. बोलणारा कोण, हे मला ठाऊक होते. त्याच्या बोलीत त्या शब्दाला एकच अर्थ उरला होता आणि तो माझ्याच हट्टाने उरला होता. मला अर्थ समजला नाही असे नाही. समजला. प्रज्ञाला मी जे सांगितले ते त्याच्या शब्दावर दुसरा शब्द लिहिणे होते. त्यानेच सांगितले होते की दुसरे लिहिले म्हणजे खालचे जाते. एवढी एक गोष्ट त्याची चुकली. खालचे गेले नाही.

प्रज्ञा हिवाळ्यात पुन्हा आली, घर रिकामे करण्यासाठी. पाचही संगणक तिने एका खेड्यातल्या शाळेला दिले. प्रत्येकावर त्याच्या हातची ‘वाढवा’ अशी चिठ्ठी डकवलेली होती, ती तिने काढू दिली नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. तिला बापाचे आवाज उतरवून न्यायचे होते. माझ्या संगणकाखेरीज ते कोठे नव्हते. ती खुर्चीवर बसली. मी उभा होतो. मी म्हणालो, “प्रज्ञा, त्या दिवशी तो चढवा म्हणाला नव्हता.”

तिचे हात थांबले. तिने मागे वळून पाहिले नाही.

“वाढवा म्हणाले,” ती म्हणाली.

“दोनदा.”

पंख्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, “मले वाटलंच होतं काका. बाबा मरताना नियम मोडणारे नव्हते. पण मी तुमाले दुसऱ्यांदा नाई विचारलं. काऊन नाई विचारलं, ते मलेच माहीत.” मग ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. “एक सांगा. माझ्यासाठी चढवलं, की तुमच्यासाठी?”

तिला यायला वेळ मिळावा म्हणून, असे उत्तर तयार होते. ते गेले चार महिने तयार होते. त्यात थोडे तथ्यही होते.

“माझ्यासाठी,” मी म्हणालो.

तिने मान हलविली. ती क्षमा होती की नुसती नोंद, हे मी विचारले नाही. ती पुन्हा पडद्याकडे वळली, आवाज उतरवून घेतले, पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. आणि मग, लहानपणापासून त्या घरात लागलेल्या सवयीने, काम संपल्यावर तिने मिटवण्याची खूण दाबली.

“वाढवू काय, मास्तर?” लाईनमनने विचारले.

तिने माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. खुर्ची थोडी बाजूला घेतली.

“तुमाले विचारून राह्यले काका,” ती म्हणाली.

मी पुढे झालो. संगणकाला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी आधी तोंडाने ‘हो’ म्हणालो. मग दाबले.

“येतो,” तो म्हणाला. पंखा काही क्षण फिरत राहिला, मग थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. प्रज्ञा उठली, मला वाकून नमस्कार केला आणि गेली. तीही ‘येते’ म्हणाली.

याला आता दोन महिने झाले. हा मजकूर मी हाताने लिहीत आहे. संगणक समोर आहे. पत्नी त्यावरची धूळ पुसते. चार वाजतात तेव्हा कोणी काही बोलत नाही आणि मी पाठ सरळ करतो. सुरू करण्याच्या बटणावर बोट ठेवले की तो ‘आलो, मास्तर’ म्हणेल. अजून ठेवलेले नाही.